बारा महिन्यांची वसुबारस

गळ्यात तुळशीची माळ पडते त्या दिवशी वारकऱ्याचे ताटही बदलते. मांस-मच्छी सुटते, दारू सुटते, एकादशी लागते. आपल्याकडे अशी कितीतरी घरे आहेत की जिथे पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजत होते, आणि आजोबा-पणजोबांनी पंढरपुरात माळ घातली तेव्हापासून त्या घराची चूल पालटली. हा पालट कोणा राजाच्या हुकमाने झाला नाही. सगळ्या जिवांच्या ठायी एकच विठ्ठल आहे असे संतांनी सांगितले आणि साध्या माणसाने त्याचा साधा अर्थ लावला, की मग ज्याच्यात विठ्ठल आहे त्याला मारून खायचे कसे? एवढ्या एका प्रश्नाने खेडोपाडीच्या लाखो ताटांत बदल केला.

आता नव्या पिढीने हाच प्रश्न एक पाऊल पुढे नेला आहे. मारून खायचे नाही हे ठरले. पण जिवंत ठेवून, त्याच्या लेकराच्या तोंडचे काढून घ्यायचे का? म्हणजे दुधाचे काय?

आमच्या भावकीतले एक जोडपे पुण्याला असते. दोघेही नोकरीला जातात. पहिले मूल, सात महिन्यांचे. माघात मुक्ताई-चांगदेव यात्रेला ती दोघे मुक्ताईनगरला आली तेव्हा घरात या विषयावरून तोंडातोंडी झाली होती. दोघांनी दूध, दही, ताक, तूप बहुतेक सोडले आहे. ‘बहुतेक’ म्हणजे काय, तर स्वतःच्या घरी आणायचे नाही आणि रांधायचे नाही; प्रसाद समोर आला तर नाही म्हणायचे नाही. कारण विचारले तेव्हा ती मुलगी म्हणाली, “बाबा, रात्री बाळाला पाजायला घेते ना, तेव्हा आमच्या गोठ्यातले दाव्याला बांधलेले वासरू आठवते. दुसरे काही कारण नाही.” तिच्या सासूबाईंचा प्रश्न अगदी उलटा होता. त्या म्हणाल्या, “महाराज, अंगावर पाजणाऱ्या बाईने तूप-दूध सोडले तर ते त्या लेकराचे पाप लागायचे नाही का?”

दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोन्ही आईचे आहेत. म्हणून त्यांचा विचार घाईने करून चालणार नाही. असे प्रश्न आता अनेक माळकरी घरांत उठू लागले आहेत, तेव्हा चार शब्द लिहून ठेवावेत असे वाटले.

प्रथम हे नवे नाव समजून घेऊ. मांस तर नाहीच, पण दूध, तूप, मध, अंडी असे प्राण्यापासून येणारे काहीच न घेणाऱ्याला ‘व्हीगन’ म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडात निघाला. तिथल्या शाकाहारी मंडळींत दुधावरून मतभेद झाला आणि दूधही नको म्हणणाऱ्यांनी आपली वेगळी संस्था काढली, तिचे हे नाव. नाव परके आहे म्हणून विचारही परका, असे आपल्या घरातले वडीलधारे चटकन म्हणतात. ते तपासून पाहिले पाहिजे.

आधी पूर्वपक्ष मांडू, कारण तो बळकट आहे. आपला देव गवळ्याच्या घरी वाढला. पहाटेच्या काकड्याला विठोबाला लोणी-साखर दाखवतात. अभिषेकाला पंचामृत लागते आणि त्यात दूध, दही, तूप आहे. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, आणि दह्यावाचून काला कसला? नामदेवरायांनी लहानपणी देवाला दुधाची वाटी दाखवली आणि देवाने ती प्यायली, ही कथा आपण मुलांना सांगतो. संतांनी दुधाला कधी निषिद्ध म्हटले नाही. शिवाय आपल्या गावांतली निम्मी घरे दुधाच्या पगारावर आठवड्याचा बाजार करतात. त्यांच्या पोटावर पाय देणारे व्रत कसले?

या सगळ्याला उत्तर द्यायचे तर बाहेर जावे लागत नाही. आपल्याच पंचांगात ते लिहिलेले आहे. आश्विन वद्य द्वादशी म्हणजे गोवत्सद्वादशी, आपली वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवा या दिवशी लागतो, आणि तो गाय-वासराच्या जोडीपुढे लागतो. एकट्या गाईची पूजा या दिवशी करत नाहीत. वासरू जवळ असावेच लागते. आणि हे व्रत करणारी बाई कोण? लेकुरवाळी. आपल्या लेकराला आयुष्य मागण्यासाठी ती त्या दिवशी काय सोडते? दूध, दही, तूप. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन ती दिवस काढते. आपल्या पणज्या-आज्यांनी हे केले. त्या शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांना एक गोष्ट नीट कळत होती: स्वतःच्या लेकरासाठी मागणे मागायचे तर निदान त्या दिवशी तरी दुसऱ्या आईच्या लेकराचा वाटा आपल्या ताटात नको.

असेच दुसरे व्रत ऋषिपंचमीचे. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचे खात नाहीत. नांगर न लागता, हाताने परसात पिकवलेल्या भाज्या एकत्र शिजवून खातात. म्हणजे वर्षातला एक दिवस बैलाच्या खांद्याला आपल्या जेवणातून सुट्टी आणि एक दिवस गाईच्या कासेला सुट्टी. हे पूर्वजांनी नेमून दिले, कारण बाकीचे दिवस आपण त्यांचे घेतो आहोत, हे त्यांना विसरायचे नव्हते. तेव्हा सासूबाईंना मी म्हटले, “वहिनी, तुमच्या सुनेने नवे काही आणले नाही. तुम्ही वर्षातून एकदा करता ती वसुबारस तिने बारा महिने धरली आहे.”

शंका येईल, की वसुबारस एक दिवसाची आहे ती एकच दिवस का ठेवली? ती वाढवावी असे शास्त्राने कुठे सांगितले? खरे आहे, सांगितलेले नाही. पण तेव्हाचा गोठा आणि आताचा गोठा यांत फरक पडला आहे आणि तो ध्यानात घ्यावा लागेल.

गाय असो वा म्हैस, ती व्याल्याशिवाय दूध देत नाही. हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक आहे, पण शहरातल्या कितीतरी शिकलेल्या माणसांना आपणहून सुचत नाही. दूध पिशवीतून येते एवढेच त्यांना दिसते. गाय नऊ महिने आणि म्हैस दहा महिने पोटात वागवते. दूध चालू राहावे म्हणून तिला पुन्हा पुन्हा व्यावे लागते, आणि जन्मणाऱ्यांत साधारण निम्मे नर. जुन्या काळी गाईला गोऱ्हा झाला की शेतकऱ्याला आनंद व्हायचा. दोन वर्षांनी तो औताला जुंपायचा, पोळ्याला त्याच्या शिंगांना रंग लागायचा. आता औत ट्रॅक्टरने चालते. गोऱ्ह्याला काम उरले नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. म्हैस आणि रेडा यांना ती लागू नाही. मग म्हशीच्या नर रेडकाचे काय होते, हे सांगायला नको. बहुतेक ठिकाणी त्याला पुरते दूधच पाजत नाहीत. ते आपोआप मरते. काही गोठ्यांत तर मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात. तिने ते चाटावे, पान्हा सोडावा आणि धार निघावी.

वारकरी मायबाप, इथे क्षणभर थांबा. पैठणच्या धर्मसभेत माउलींनी कोणाच्या मुखातून वेद बोलवले? घोड्याच्या नाही, हत्तीच्या नाही, गाईच्याही नाही. रेड्याच्या. ज्याला कोणी किंमत देत नाही, ज्याच्यावर पखाली लादतात, त्याच्याही ठायी तोच आत्मा आहे हे दाखवायला माउलींनी रेडा निवडला. जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे. तिथे आपण माथा टेकतो आणि घरी येऊन ज्या दुधाचा चहा पितो त्यापायी त्याच जातीचे लेकरू गोठ्याच्या कोपऱ्यात उपाशी गेलेले असते. समाधीला हार आणि लेकराला उपास, हे दोन्ही एका मनात कसे बसवायचे, याचे उत्तर मलाही सोपे वाटत नाही.

आणखी एक उदाहरण घ्या. बाळ जन्मले की आईला पहिल्या दोन-तीन दिवसांत घट्ट पिवळसर दूध येते. पूर्वी काही घरांत ते पिळून टाकून देत. आता दवाखान्यात निक्षून सांगतात की तेच अमृत आहे, त्याने बाळाला रोगाशी लढायचे बळ मिळते, थेंबही वाया घालवू नका. गाई-म्हशीच्या त्याच पहिल्या दुधाला आपण चीक म्हणतो आणि गूळ-वेलदोडा घालून त्याचा खरवस करतो. ते चीक वासराच्या दृष्टीने काय आहे, हे नुकत्या बाळंत झालेल्या बाईला जितके कळेल तितके कोणा पंडिताला कळणार नाही. त्या मुलीला रात्री पाजताना वासरू आठवले, ते कुठल्या पुस्तकामुळे नाही. तिच्या देहालाच ते कळले.

आता माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. कीर्तनकाराला भक्त आणि भगवंत यांचे नाते सांगायचे असते तेव्हा तो पहिला दृष्टांत कोणता घेतो? गाय आणि वासरू. संध्याकाळी रानातून परतताना वासराच्या ओढीने गाय कशी धावत सुटते, वाटेतच पान्हा कसा फुटतो, तसा देव भक्तासाठी धावतो. सगळ्या संतांच्या वाणीत हा दृष्टांत आहे. तो काढून टाकला तर आपल्या वाङ्मयाचा एक डोळा जाईल. पण हा दृष्टांत कळायला गाय आणि वासरू एकत्र दिसावे लागतात. जे पोर आयुष्यात फक्त पिशवी पाहणार, किंवा गोठ्यात गाय एका टोकाला आणि वासरू दुसऱ्या टोकाला बांधलेले पाहणार, त्याला देवाचे प्रेम कोणत्या उपमेने समजवायचे? उपमान मोडले की उपमेय कुठून कळणार? मला वाटते, वारकऱ्याने दुधाचा विचार करावा याचे सर्वांत मोठे कारण हे आहे. वासराला त्याचा वाटा मिळतो आहे तोवरच आपला दृष्टांत जिवंत आहे.

जुन्या शेतकऱ्याला हे माहीत होते. धार काढताना तो एक सड वासराला सोडत असे. आधी वासरू, मग घरचे लेकरू आणि आजारी माणूस, मग उरले तर बाजार. आपल्या पुराणिकांनी गोकुळाच्या चोऱ्यांचा अर्थ असाच लावला आहे. गोकुळातले दूध-लोणी कंसाच्या मथुरेच्या बाजारी चालले होते आणि घरची पोरे व वासरे तोंडाकडे पाहत होती. कृष्णाने मडकी फोडली ती हा क्रम पुन्हा लावायला. देव लोण्याचा भुकेला होता असे आपण गातो. पण त्याने ते एकट्याने कधी खाल्ले का? पेंद्यासुदाम्यांना दिले, माकडांना दिले. नामदेवरायांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या कथेत तूप आहेच. मात्र ते माणसाच्या हातून प्राण्याच्या तोंडाकडे चालले आहे. आपल्या ताटातल्या तुपाची दिशा कोणती, एवढे ज्याने त्याने पाहावे.

आता सासूबाईंचा प्रश्न घेऊ. तो पहिल्याइतकाच मोठा आहे, किंबहुना आधी सोडवायचा तो हाच आहे. कारण वासराचा वाटा द्यायला निघालो आणि घरातल्या वासराचाच वाटा गेला तर काय साधले?

शास्त्राने बाळ, वृद्ध आणि रोगी यांना व्रतातून मोकळे ठेवले आहे. एकादशीसारखी एकादशी, पण आठ वर्षांच्या आतल्या मुलाला आणि ऐंशीच्या पुढच्या वृद्धाला तिचे बंधन नाही. व्रत म्हणजे संकल्प, आणि संकल्प ज्याचा त्याने करायचा असतो. सात महिन्यांचे मूल संकल्प करू शकत नाही. म्हणून आईबापांचे व्रत बाळावर लादता येत नाही. त्याला काय द्यायचे हे बालरोगतज्ज्ञ सांगतील तसे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही अंगावर पाजणे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षाच्या आत गाई-म्हशीचे दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये, हेही आज सगळे डॉक्टर सांगतात. तसेच आईच्या दुधाच्या जागी बदामाचे किंवा तांदळाचे पाणीही चालत नाही. म्हणजे या वयात गाईच्या वासराचे आणि आपल्या बाळाचे भांडणच नाही. ज्याच्या त्याच्या आईचे दूध ज्याला त्याला, हाच निसर्गाचा न्याय आहे.

पण त्या आईचे काय? इथे डोळे उघडे ठेवले पाहिजेत. बी-१२ नावाचे एक जीवनसत्त्व आहे. ते सूक्ष्म जीव तयार करतात. धान्य, कडधान्य, भाजी, फळ यांत ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. पाजणाऱ्या आईच्या अंगात ते कमी पडले की तिच्या दुधातही कमी उतरते, आणि बाळाच्या रक्ताची व मेंदूची वाढ खुंटते. बाळ मलूल होते, मान धरत नाही, हातपाय थरथरतात. ही भीती दाखवण्यासाठी लिहिलेली गोष्ट नाही, दवाखान्यात दिसणारी गोष्ट आहे. म्हणून दूध सोडणाऱ्या आईने रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलेली बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. तीळ, नाचणी, हिरव्या भाज्या, डाळी रोज पोटात गेल्या पाहिजेत. गोळी घेण्यात कमीपणा मानू नये. या मुलीने ते सगळे आधीच केले होते. सासूबाईंना मात्र ते कोणी सांगितले नव्हते. अर्धे भांडण तिथेच मिटले.

व्रत आणि देह यांचा हा झगडा महात्मा गांधींच्या चरित्रात फार स्पष्ट दिसतो. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना, १९१२ साली, त्यांनी आणि त्यांचे मित्र कॅलनबॅक यांनी दूध सोडले. कलकत्त्याकडे दूध जास्त निघावे म्हणून गाई-म्हशींवर ‘फुका’ नावाचा जो क्रूर प्रकार करत, त्याचे वर्णन वाचून त्यांचे मन उडाले होते. पुढे १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने तो प्रकार गुन्हा ठरवला. १९१८ साली गांधीजी अतिसाराने मरणाच्या दारात गेले. डॉक्टर म्हणाले, दुधाशिवाय शरीर उभे राहणार नाही. ते व्रत मोडायला तयार होईनात. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: तुमच्या मनात व्रत घेताना गाय-म्हैस होती, मग बकरीचे दूध का चालू नये? जगायची आणि काम करायची इच्छा होती म्हणून त्यांनी ते घेतले. पण व्रताची अक्षरे पाळली गेली आणि आत्मा गेला, ही टोचणी आपल्याला कायम राहिली, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. आणि आपले लिखाण वाचून ज्यांनी दूध सोडले असेल त्यांनी, ते मानवत नसेल किंवा जाणत्या वैद्याचा सल्ला नसेल तर, हट्ट धरू नये असेही बजावले आहे. १९३६ च्या डिसेंबरात हेच गांधीजी आपल्या फैजपूरला काँग्रेसच्या अधिवेशनासाठी आले होते. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. एवढ्या करड्या व्रताच्या माणसाला जे जड गेले, ते रात्ररात्र जागणाऱ्या नव्या आईने अक्षरशः पाळावे असा आग्रह कोणी धरू नये. म्हणून तिने स्वतःच योजलेला ‘बहुतेक’ हा शब्द मला लबाडीचा वाटत नाही. जेवढे निभावेल तेवढेच मागणारा तो शब्द आहे. सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार युक्त असावा म्हटले, ते याच अर्थाने.

आणखी एक गोष्ट आपण पुरुषांनी ऐकण्यासारखी आहे. आपल्या घरांत व्रत एकाचे असते आणि कष्ट दुसऱ्याचे. माळकरी बाबांची एकादशी असते. भगर, आमटी, रताळी वेगळी शिजवायची ती बाईने, पोरांचा रोजचा स्वयंपाक आहेच. पुण्य त्यांचे आणि धूर तिचा. नव्या व्रतातही हेच झाले तर ते व्रत फुकट. दोघे कामावरून थकून येणार, मूल रडणार, आणि मग ‘आज बिनदुधाचे वेगळे काय करशील?’ असे नवऱ्याने विचारायचे, हे दयेचे लक्षण नाही. वासरावर दया आणि बायकोवर ओझे! मी त्या पोराला म्हटले, “बेटा, भाकरी थापता येते का?” तो हसून म्हणाला, “शिकतोय, बाबा. कडेला फाटते अजून.” फाटू दे. ज्या घरात बाप भाकरी थापतो त्या घरातले व्रत टिकेल.

आणि खानदेशी माणसाला यात अवघड ते काय आहे? आपले मूळ जेवण पाहा. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, वांग्याचे भरीत, उडदाची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची-तिळाची चटणी, शेंगदाणे, आणि हाताशी केळी. यात दूध कुठे आहे? आमच्या लहानपणी गरिबाच्या घरी दूध लहान मुलाला, आजाऱ्याला आणि सणाला. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, त्यानंतर हळूहळू घरोघर रोज लिटर-दोन लिटर दूध येऊ लागले. त्याआधीची पिढी काही दुबळी नव्हती. रानात राबत होती आणि पायी पंढरीला जात होती. घाईच्या दिवशी कुकरला मुगाची खिचडी लावावी, वर कच्चे तेल आणि तिळाची चटणी घ्यावी. बाळंतिणीचे डिंक-खारीक-खोबऱ्याचे लाडू तिळाच्या तेलावरही वळता येतात, अळीव नारळाच्या पाण्यात भिजतात. दुधाऐवजी परदेशी खोक्यातले महाग पेय आणलेच पाहिजे असे नाही. गरिबाच्या ताटाकडे परत जाणे हेच या व्रताचे खरे रूप आहे. श्रीमंताचा नवा शौक झाला की त्यातला विठ्ठल गेला.

शेवटचा धोका अहंकाराचा. आपल्या तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे स्थान आहे. चौदाशे वर्षांचे तप, वाघावरची स्वारी, हातात सापाचा चाबूक. आणि माउलींना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, कागद कोरा गेला. तो कोरा कागद पाहून चिमुरडी मुक्ताई हसली आणि शेवटी त्याच मुलीला चांगदेवांनी गुरू केले. या कथेत दोघांनाही शिकण्यासारखे आहे. थोरांनी हे शिकावे की वय वाढले म्हणून कागद भरला असे होत नाही. लहानांच्या प्रश्नापुढे नमते घ्यावे लागते. आणि धाकट्यांनी हे शिकावे की नियम कितीही कडक असला तरी त्याचा वाघ करून त्यावर बसू नये. सासूने मायेने वाढलेल्या तुपाकडे नाक मुरडले की ते नवे सोवळे झाले. जुन्या सोवळ्याशी संत भांडले. नव्याशीही भांडले असते. घरातल्या माणसाने रागावून ताटी लावून घेतली तर ती गोड शब्दांनी उघडायला लावणारी आपली मुक्ताई. तिच्या गावच्या घरांत तुपावरून दारे आपटू नयेत.

आणि मुक्ताईला ‘आई’ का म्हणतात? वयाच्या अठराव्या वर्षी मेहूणला तापीकाठी ती विजेच्या कडकडाटात गुप्त झाली. तिला लेकरू नव्हते. पण आईबाप गेलेल्या घरात भावांसाठी मांडे भाजायला खापर मिळेना म्हणून ती पोर दारोदार फिरली, आणि शेवटी माउलींच्या तापलेल्या पाठीवर तिने ते भाजले. दुसऱ्याच्या पोटाची काळजी करणारी ती आई. हे लक्षण सुनेला लागू आहे, तुपाची वाटी पुढे करणाऱ्या सासूलाही लागू आहे, आणि गोठ्यातल्या म्हशीला तर आहेच.

तेव्हा सिद्धांत थोडक्यात सांगतो. दूध पिणारा वारकरी पापी नाही आणि दूध सोडणारा वारकरी धर्मबाह्य नाही. ज्याच्या दारात गोठा आहे त्याने वासराचे पोट भरल्यावर धार काढावी, नर रेडकालाही जगू द्यावे, पेंढ्याचे वासरू आपल्या अंगणात येऊ देऊ नये. जो दूध विकत घेतो त्याने कमी घ्यावे, आणि असा गोठा चालवणारा शेतकरी जवळपास असेल तर त्याला दोन पैसे जास्त द्यावेत. वासराचा वाटा त्याने एकट्याच्या खिशातून का भरायचा? ज्याला सोडवेल त्याने सोडावे, पण स्वतःपुरते. बाळ, पाजणारी आई, म्हातारे आणि आजारी यांच्या ताटात वैद्याचा शब्द शेवटचा. आणि ज्याला यातले काही जमत नसेल त्याने निदान वसुबारस तरी खरी पाळावी.

राहिला काल्याचा प्रश्न. गोपाळपूरच्या काल्यात लाह्या असतात, पोहे असतात, दही असते. पण काला दह्याचा होत नाही, शिदोऱ्यांचा होतो. प्रत्येक सवंगड्याने आपल्या घरून जे आणले ते एकत्र केले, कोणाची शिळी भाकरी, कोणाचा लोणच्याचा खार, आणि देवाने आधी सगळ्यांच्या तोंडात घास घातला. त्या वाटीत कोणी दही आणील, कोणी नुसत्या लाह्या आणील. दोघेही पंगतीतच बसतील. फक्त पंगत बसण्याआधी कुंपणापलीकडे वासरू हंबरते आहे का, तेवढे ऐकून घ्यावे.

मुक्ताई सर्वांच्या घरातल्या लहानग्यांना उदंड आयुष्य देवो. रामकृष्णहरी.